‘काही करत नाही हो तो!’

लिफ्टचं दार उघडतं. समोर पार्सलवाला मुलगा. तुमचा ब्रूनो हुंगायला पुढे सरकतो आणि तुम्ही हसत हसत म्हणता, ‘घाबरू नकोस रे, काही करत नाही तो!’ पुढच्याच सेकंदाला त्याच्या पोटरीत दात. बोला आता!

ब्रूनोला घरात बंद करा. मारायचं नाही, त्याला त्यातून काही कळत नाही. मुलाला थेट नळाखाली न्या आणि जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हो, घड्याळ लावून पंधरा. दोन मिनिटांतच पुरे वाटायला लागतं, पण रेबीजचा विषाणू आधी जखमेतच असतो आणि साबण तिथेच त्याची वाट लावतो. शेजारच्या काकू हळद, नाहीतर चुना घेऊन येतील. थँक्यू म्हणा, वाटी परत द्या.

मग त्याच दिवशी डॉक्टर. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, तेही विचारा. ‘पण आमच्या ब्रूनोला सगळ्या लशी दिल्यात!’ छान, फाइल दाखवा, पण निर्णय डॉक्टरांचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. दंडावरच्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. पहिला डोस तो शून्यावा दिवस. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. पण सुरुवात करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही.

आता खरी गोची. मुलगा म्हणतो, ‘जाऊ द्या सर, थोडंच लागलंय.’ बॉस, तो तुम्हाला माफ करत नाहीये, उरलेली पार्सलं मोजतोय. पाचशेची नोट हातात कोंबून मोकळं होणं फार सोपं आहे. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, पण रांगेत त्याचा अर्धा दिवस जातो, तोही पाच वेळा. तेव्हा त्याचा नंबर घ्या, तारखा तुमच्या मोबाइलमध्ये टाका. रिक्षाचे पैसे आणि बुडालेली मजुरी तुमच्याकडून. त्यानं पोलिसांत तक्रार केली तर तो त्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राणी सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रात्री आईचा फोन येतोच. ‘सोडून ये त्याला कुठेतरी लांब.’ प्लीज, नाही! उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय कुत्राच गायब झाला तर दहा दिवस लक्ष कुणावर ठेवणार? त्या मुलाच्या जिवाला घोर. उलट ब्रूनोला व्हेटकडे न्या. कान दुखतोय, दात दुखतोय, सांधे धरलेत... कधी न चावणारा कुत्रा अचानक चावतो तेव्हा अशी कारणं निघतात. कधी नुसती भीतीही असते. बंद लिफ्ट, अनोळखी माणूस, हातात मोठं खोकं.

आणि उद्यापासून आखूड पट्टा. लिफ्टमध्ये कुणी असेल तर, ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही पुढच्या फेरीत येतो.’