आधी ठरवावे, मग दाखवावे

गुढीपाडव्याची सकाळ. घरोघरी गुढी उभारण्याची लगबग चाललेली असते आणि त्याच वेळी भ्रमणध्वनीचा पडदा शुभेच्छांच्या चित्रांनी भरून वाहत असतो. गुढी, साखरेची गाठी, कडुलिंबाची डहाळी, कोपऱ्यात एखाद्या व्यवसायाचे बोधचिन्ह आणि खाली दूरध्वनी क्रमांक. चित्र तेच, मजकूरही तोच. बदलते ते केवळ कोपऱ्यातले नाव. लोणची-पापड करणाऱ्या भगिनी, लाकडी सामानाचे कारखानदार, शिकवणीवर्गाचे संचालक, कोकणातले आंबा बागायतदार अशा साऱ्यांनी जणू एकमेकांना विचारून एकच चित्र पाठवलेले असते. दुपारच्या श्रीखंडपुरीनंतर यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच येईल.

यात कोणाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. सणाच्या शुभेच्छा देणे हा सद्भावच आहे. प्रश्न आहे तो त्या सद्भावाच्या नावाखाली खर्ची पडणाऱ्या संधीचा. छोट्या उद्योजकाला आपल्या ग्राहकाशी थेट, कोणाच्याही मध्यस्थीवाचून आणि जवळपास फुकट बोलण्याची सोय आज समाजमाध्यमांनी करून दिली आहे. मागच्या पिढीतील कोणत्याही दुकानदाराला हे भाग्य लाभले नव्हते. आणि अशी सोय हाती आल्यावर आपण बोलतो काय, तर दुसऱ्याने तयार केलेले वाक्य. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, तो उसने बोलत राहतो आणि ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, तो गोंगाट करून बाजार मारून नेतो. ही स्थिती मराठी उद्योजकाने गंभीरपणे विचारात घ्यावी अशी आहे.

मराठी मनात जाहिरातीविषयी एक जुना संकोच आहे. 'माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत येईल' ही त्या संकोचाची भाषा. त्यात स्वाभिमान आहे हे खरे. पण इतिहास तपासला तर मराठी उद्योगाची सुरुवातच मुळी ग्राहकाशी बोलण्यातून झालेली दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत होता. नांगर उत्तम असून भागत नव्हते. तो का उत्तम आहे, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत पटवणे आवश्यक होते. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेले हे नियतकालिक पाहता पाहता मराठी घरातले मासिक झाले. वाचकाला जे उपयोगी पडेल ते द्यावे, आपल्या मालाचे नाव त्यातून आपोआप रुजते, ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वी एका खेड्यातील कारखान्याला होती. आज ज्याला मोठमोठ्या संज्ञा लावून शिकवणीवर्ग चालवले जातात, ते याहून फार वेगळे नाही. फरक इतकाच, की तेव्हा छापखाना लागत असे. आज खिशातले यंत्र पुरते.

मग उणीव कशाची आहे? उणीव आहे ती आधी ठरवण्याची. मी कोणाशी बोलणार, त्याला काय सांगणार आणि ऐकून त्याने काय करावे अशी माझी अपेक्षा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर न लिहिता हातात भ्रमणध्वनी घेतला, की माणूस जे समोर दिसेल त्याची नक्कल करू लागतो. कोणी नाचतो आहे म्हणून आपणही नाचायचे, एखादे गाणे गाजते आहे म्हणून तेच गाणे आपल्या लोणच्याच्या बरणीमागे लावायचे. चार दिवस आकडे वाढतात, मन सुखावते आणि मागणीची वही मात्र कोरीच राहते.

हे तत्त्वाच्या पातळीवर न ठेवता एका उदाहरणाने पाहू. देवगड वा रत्नागिरीकडचा एखादा मध्यम बागायतदार डोळ्यांसमोर आणावा. त्याचा आंबा वर्षानुवर्षे दलालामार्फत मुंबईच्या बाजारात जात होता. खाणाऱ्याला पिकवणाऱ्याचे नाव माहीत नव्हते आणि पिकवणाऱ्याला खाणाऱ्याचे. २०२० च्या मार्चअखेरीस, ऐन हंगामाच्या तोंडावर टाळेबंदी आली, बाजारपेठेचे व्यवहार विस्कळीत झाले आणि अनेक बागायतदारांनी प्रथमच व्हॉट्सअ‍ॅपवरून मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांतील कुटुंबांशी थेट संपर्क साधला. संकटाने एक दार उघडले. ते दार पुढच्या हंगामांतही उघडे राहावे असे वाटत असेल, तर केवळ 'अस्सल हापूस उपलब्ध' एवढे लिहून भागत नाही. कारण 'अस्सल' हा शब्द नकली माल विकणाराही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहितो.

अशा बागायतदाराजवळ सांगण्यासारखे काय आहे? त्याचे वर्षच त्याचा मजकूर आहे. थंडी पडू लागली की मोहोर येतो. त्याचे एक छायाचित्र आणि यंदा तो लवकर आला की उशिरा, हे सांगणारी दोन वाक्ये. पुढे तुडतुडे आणि फुलकिडे यांच्याशी चालणारी झुंज. मग फळ धरणे आणि काही गळून जाणे. तोडणीच्या दिवसांत, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'नूतन' झेल्याने देठासह आंबा कसा उतरवतात आणि देठ ठेवला नाही तर चीक लागून फळ कसे डागाळते, याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. चौदा आणे तयार फळ म्हणजे काय, ते हाताने आणि डोळ्याने कसे ओळखतात. गवताच्या अढीत आंबा सावकाश कसा पिकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी का आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे आणि त्याचा वापर करण्यासाठी उत्पादकाला अधिकृत नोंदणी करावी लागते, ही माहिती तर प्रत्येक मराठी ग्राहकाला असायला हवी. यात कुठे आत्मस्तुती आली? रोजचे काम उघडपणे दाखवणे एवढेच यात आहे. आणि जो काम करत नाही, त्याला नेमके हेच दाखवता येत नाही.

दुसरा साठा ग्राहकाच्या प्रश्नांचा. पेटी आल्यावर आंबे कसे ठेवावेत? हिरवट दिसणारे फळ पिकले की नाही, हे कसे कळावे? शीतकपाटात केव्हा ठेवावे? दरवर्षी तेच वीस प्रश्न येतात आणि वीस वेळा दूरध्वनीवर तीच उत्तरे दिली जातात. ते प्रश्न वहीत उतरवून एकेकाचे स्वच्छ मराठीत उत्तर लिहिले, तर हंगामभराचा मजकूर तयार होतो. रोज दोन निरर्थक चित्रे टाकण्यापेक्षा आठवड्यात अशी दोन उत्तरे अधिक काम करतात. दिवसभर बागेत राबणाऱ्या माणसाला परवडण्यासारखेही तेच आहे.

खरी परीक्षा मात्र वाईट बातमीच्या दिवशी असते. हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढुरके, आंबूस निघते. कितीही अनुभवी माणूस ते वरून सांगू शकत नाही. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले आणि झाडावरच्या आंब्याचा जमिनीवर सडा पडला. अशा वेळी ज्याने वर्षभर केवळ गोड गोड मजकूर टाकला, त्याला तोंड लपवावे लागते. पण ज्याने मोहोरापासून ग्राहकाला सोबत घेतले आहे, तो सरळ सांगू शकतो, 'बाग झोडपली गेली. आगाऊ नोंदणीपैकी इतक्या पेट्या देणे शक्य नाही, पैसे परत करत आहे.' 'साका निघाल्यास छायाचित्र पाठवा, फळ बदलून देऊ' असे हंगामाच्या आरंभीच जाहीर करणारा विक्रेता एका दिवसात तोटा सोसतो आणि दहा वर्षांचा ग्राहक मिळवतो. समाजमाध्यमावर लिहिलेले प्रत्येक वाक्य हे शेकडो साक्षीदारांसमोर दिलेला शब्द आहे, हे भान ठेवून लिहिले, की काय लिहावे आणि काय लिहू नये, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

ते भान सुटले की काय होते, तेही आपण पाहतो. दुसऱ्याच्या बागेची छायाचित्रे आपली म्हणून दाखवणे, 'शेवटच्या पाच पेट्या' असे आठवडाभर लिहीत राहणे, पैसे देऊन कौतुकाचे अभिप्राय मिळवणे हे प्रकार चातुर्य म्हणून खपवले जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध उघड करावा, अशी त्यात अपेक्षा आहे. पण कायद्याचा धाक ही शेवटची गोष्ट झाली. छोट्या व्यवसायाचे भांडवल म्हणजे त्याचे नाव, आणि ते एकदाच मिळते.

आणखी एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आपली पद्धत बदलून व्यवसायांच्या मजकुरापेक्षा मित्र-आप्तांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. त्यानंतर वर्षानुवर्षे जमवलेल्या अनुयायांपर्यंत पोहोचणे अनेक लहान व्यवसायांना कठीण झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. राष्ट्रहिताचा तो निर्णय योग्यच होता. पण ज्यांनी आपला सारा पसारा त्या एकाच जागी मांडला होता, त्यांना तो एका रात्रीत गुंडाळावा लागला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडली. भाड्याच्या जागेत दुकान थाटू नये असे नव्हे. पण ग्राहकांची यादी, त्यांच्या संमतीने घेतलेले क्रमांक आणि पत्ते, आपल्या स्वतःच्या वहीत असलेच पाहिजेत. अनोळखी माणसाला आपली ओळख करून द्यायला इन्स्टाग्राम, ओळख झालेल्याशी नाते टिकवायला व्हॉट्सअ‍ॅप आणि सगळे बंद पडले तरी सोबत राहणारी ती वही, अशी कामाची वाटणी असावी.

यशाचे मापही आधीच ठरवून घ्यावे. किती जणांनी पाहिले, किती जणांनी अंगठा दाखवला, हे आकडे माध्यमाच्या मालकाला महत्त्वाचे आहेत. उद्योजकाने प्रत्येक नव्या ग्राहकाला एकच प्रश्न विचारावा, 'आपल्याला आमच्याविषयी कुठून कळले?' आणि उत्तर मागणीसमोर लिहून ठेवावे. हंगाम संपल्यावर ती वही उघडली, की कोणत्या मजकुराने चूल पेटवली आणि कोणत्या मजकुराने केवळ धूर केला, ते स्पष्ट दिसते.

'हे सारे ठीक, पण याला वेळ कोणाकडे आहे?' असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पहाटे उठून दोनशे पोळ्या लाटणाऱ्या भगिनीला चित्रफितीचा सोस परवडत नाही. म्हणूनच ठरवून करण्याची गरज तिला सर्वांत अधिक आहे. महिन्यातून एक संध्याकाळ काढून चार आठवड्यांचे आठ विषय लिहून ठेवले, तर रोज सकाळी 'आज काय टाकू?' ही चिंता उरत नाही. आणि इथे घरातली तरुण मुले उपयोगी पडू शकतात. जी मुले दिवसातले कित्येक तास दुसऱ्यांच्या रील पाहण्यात घालवतात, त्यांना आपल्या आईच्या, काकांच्या व्यवसायाचे तपशील समजून घेऊन ते मांडायला सांगावे. चित्रीकरण ती करतील. मजकूर मात्र ज्याचे हात कामात मळले आहेत त्यानेच सांगावा, त्याच्याच बोलीत.

आपण वाचकही या व्यवहारातील एक पक्ष आहोत, याचा विसर पडू नये. शेजारच्या भगिनीने चकलीच्या भाजणीविषयी मनापासून चार ओळी लिहिल्या, तर आपण त्या न वाचता पुढे सरकतो आणि परक्या कंपनीची झगमगती जाहिरात मात्र शेवटपर्यंत पाहतो. खरेदी केल्यावर चांगले-वाईट जे वाटले ते दोन ओळींत मोकळेपणाने कळवणे, ही लहान उद्योजकाला कोणत्याही कर्जयोजनेइतकीच मोलाची मदत असते. पुढच्या पाडव्याला भ्रमणध्वनी उघडाल, तेव्हा त्या शेकडो गुढ्यांच्या गर्दीत एखादे छायाचित्र असे आढळो, ज्यात कोपऱ्यात बोधचिन्ह नाही, गुढी नाही. आहे ती नुकती भरलेली अढी आणि खाली एक ओळ, 'पहिली पेटी दहा दिवसांनी निघेल. यंदा आंबा थोडा आहे, पण बरा आहे.' त्या माणसाचा क्रमांक आपण जपून ठेवू. आपण तो जपावा, इतके त्याने आधी ठरवलेले असेल.