पीपीटी घरी उघडली, सभागृहात का नाही?

शिक्षण परिषद असो, सोसायटीची सभा असो की कॉलेजातलं सेमिनार, प्रोजेक्टर लावला की कुणीतरी म्हणतंच, ‘घरी तर व्यवस्थित चालत होती!’ चालत असणारच. फक्त ती ज्यांच्या जिवावर चालत होती ते फॉन्ट, व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर घरीच राहिले, पेनड्राइव्हमधून आली ती नुसती फाइल.

अशा वेळी पहिली विनंती एकच. ‘उघडत नाही’ म्हणून हाकाटी करण्याआधी पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा. आपल्याकडे चौकट दिसली की वाचायच्या आधीच फुलीवर बोट जातं, आणि मग मदतीला आलेल्या माणसाला अंदाजपंचे काम करावं लागतं.

‘ही फाइल कशात उघडू?’ असं संगणक विचारत असेल, तर फाइल बिघडलेली नसते, तिची जात वेगळी असते. मॅकवरच्या कीनोटची फाइल विंडोजवरच्या पॉवरपॉइंटला कळत नाही. गूगल स्लाइड्स वापरणारे पुष्कळदा ड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल तशीच उचलून आणतात. ती फाइल म्हणजे नुसता दुवा, आत एकही स्लाइड नाही. दोन्हीकडे पीपीटीएक्स स्वरूपात फाइल उतरवून घ्यायची सोय आहे, ती वापरा. जुन्या शाळांमधून ऑफिस २००३ अजूनही सापडतं. पीपीटीएक्स हे स्वरूप आलं ऑफिस २००७ बरोबर, त्यामुळे तिथे ते आपणहून उघडणार नाही. तिथे एकतर जुन्या पीपीटी स्वरूपात साठवलेली प्रत न्या, नाहीतर त्या संगणकावर लिब्रेऑफिस टाकून घ्या. ते फुकट मिळतं, मांडणी थोडी हलली तरी वेळ निभावते.

‘फाइलमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का?’ असं आलं, तर आधी दोन्ही संगणकांवर फाइलचा आकार ताडून पाहा. घरी ४० एमबी आणि इथे १२ एमबी असेल, तर ती अर्धीमुर्धी उतरली आहे. कॉपी पूर्ण व्हायच्या आत पेनड्राइव्ह उपटण्याची सवय इथे नडते. आकार तोच असेल आणि फाइल ईमेलने आली असेल, तर विंडोजने ती परकी म्हणून अडवली असण्याची शक्यता मोठी. ती डेस्कटॉपवर घ्या, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, खाली ‘अनब्लॉक’ दिसलं तर तिथे खूण करा आणि पुन्हा उघडा. वर पिवळी पट्टी आली तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबा, अर्थात फाइल ओळखीच्या माणसाची असेल तरच. पेनड्राइव्हवरून थेट स्लाइड शो लावू नये, आधी संगणकावर कॉपी करावी. आणि झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर त्यांवर क्लिक करू नका. तो व्हायरस आहे. फाइली बहुधा आतच असतात, लपवलेल्या.

आता आपल्या मराठी लोकांचं खास दुखणं. पीपीटी उघडते, फोटो दिसतात, मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं होऊन येतो. कारण फाइलमध्ये मुळात तीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांचंही तेच. डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली पीपीटी हमखास इथे फसते. माझं स्पष्ट मत आहे की नव्या कामाला हे फॉन्ट वापरूच नयेत. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतो, फार तर ओळी खालीवर होतात. त्यातही मंगल फॉन्ट विंडोज १० पासून सगळीकडे आपोआप मिळेलच असं नाही. निर्मला मिळतो, तो धरून चाला. जुनी पीपीटी वापरणं भागच असेल, तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं जाऊन शेवटी ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ आहे तिथे खूण करा. काही फॉन्टांचा परवाना याला आडवा येतो. तेव्हा सरळ पीडीएफ करा. ॲनिमेशन जाईल, पण अक्षर हलणार नाही. खरं सांगायचं तर बहुतेक ॲनिमेशन गेल्याने श्रोत्यांचं काही बिघडत नाही.

व्हिडिओचं थोडक्यात सांगतो. २००७ पर्यंतच्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ फाइलच्या आत जातच नसे, फक्त त्याचा पत्ता नोंदला जाई. २०१० पासून तो आत बसतो, पण ‘लिंक’ निवडलं तर आजही बाहेरच राहतो. आयफोनवर घेतलेलं चित्रीकरण विंडोजवर अनेकदा काळं दिसतं, म्हणून ते आधी साध्या एमपी४ मध्ये, एच.२६४ प्रकारात बदलून घ्या. एक्स्पोर्टमध्ये ‘पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी’ नावाची सोय आहे. नाव जुनाट असलं तरी ‘कॉपी टू फोल्डर’ दाबलं की बाहेरचे दुवेसुद्धा एका फोल्डरात गोळा होतात. तो अख्खा फोल्डर न्या.

आयोजकांनाही विनंती आहे. निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या पदव्या छापता, तसं वक्त्यांना पाठवायच्या निरोपात आपल्या संगणकावर कुठलं ऑफिस आहे आणि पडदा चौकोनी आहे की रुंद, एवढं लिहा. फाइल आदल्या दिवशी मागवा, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, आणि ज्या संगणकावर कार्यक्रम व्हायचा त्याच संगणकावर शेवटच्या स्लाइडपर्यंत चालवून पाहा. पहिली स्लाइड दिसली की ‘झालं, चालतंय’ म्हणून उठू नका, व्हिडिओ बहुधा मध्येच कुठेतरी असतो.