मक्याला युरिया किती? आधी वाण पाहा, मग गोणी

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरवला. आदल्या हंगामात तो २,२२५ रुपये होता. कोंबडीखाद्याच्या जोडीला आता इथेनॉलसाठीही मका लागतो. त्यामुळे पेरा वाढला आणि युरियाची मागणीही. अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. म्हणून एक गोणी जास्त टाकावीशी वाटणे साहजिक आहे. पण त्या गोणीचे दाणे होतील का, हे बऱ्याच अंशी तुमचे वाण ठरवते.

वाणानुसार मात्रा

संकरित मक्याला साधारणपणे हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे एकरी ४८ किलो. एकरी एक गोणी डीएपी दिली तर त्यातून ९ किलो नत्र मिळते. उरलेल्या ३९ किलोंसाठी सुमारे ८५ किलो युरिया, म्हणजे दोन गोण्यांना थोडा कमी, पुरतो. लवकर येणाऱ्या आणि संमिश्र वाणांना याहून कमी लागते. ‘आफ्रिकन टॉल’ हे चाऱ्याचे वाण आहे. त्याला युरिया वाढवला तर पाला वाढेल, संकरित वाणाइतके दाणे मिळणार नाहीत.

वेळ चुकवू नका

सगळा युरिया एकदम देऊ नका. पेरणीवेळी, पीक गुडघाभर झाल्यावर आणि तुरा येण्याच्या सुमारास असे तीन हप्ते करा. खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडू लागली, तर नत्र कमी पडत आहे. जास्त नत्राने पीक लोळते आणि उशिरा पक्व होते. दाण्यात ओल राहिली तर विक्री अडते, कारण हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १४ टक्के आहे.

घरी खाण्यासाठी मका असेल तर

झाबुआ, दाहोद, बांसवाडा भागात मका हे रोजचे अन्न आहे. नत्राने दाण्यातील प्रथिने वाढतात, पण ती मुख्यतः झेइन प्रकारची असतात. शरीराला लागणारे लायसिन त्यात फार कमी असते. ती उणीव खताने भरून निघत नाही, त्यासाठी बियाणेच वेगळे लागते. ‘एचक्यूपीएम-१’ किंवा ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित’ या संकरित वाणांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन जास्त असते. मात्र त्यांचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते आणि शेजारच्या साध्या मक्याचे पराग आले तर गुण कमी होतो.

आता काय करावे?

मृदा आरोग्य पत्रिकेत तुमच्या जमिनीसाठी दिलेली मात्रा पाहा. पत्रिका नसेल तर कृषी सहायकाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीची चौकशी करा. बियाणे घेताना पिशवीवरचे वाणाचे नाव आणि पक्वतेचे दिवस वाचा, पावती जपून ठेवा. खताचा हिशेब त्यानंतर करा.