अर्नाळकर रद्दीत का?

आमच्या सीमाभागातील एका देवस्थानाच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके मध्यंतरी रद्दीत गेली. कारण विचारता कार्यवाह म्हणाले, "देवाच्या दारी चोरांच्या गोष्टी कशाला?" ज्या अंगणात आपण गोपाळकाल्याची हंडी फोडतो, त्याच अंगणात हे उत्तर मिळावे याची मौज वाटली.

अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६-१९९६). या एका गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावे एका पिढीच्या जिभेवर होती. काही साचे इंग्रजीतून उचललेले, भाषा घाईची. आणि वकील या नात्याने हेही कबूल केले पाहिजे, की त्या कथांतील पुष्कळसा पुरावा न्यायालयात पाच मिनिटेही टिकावयाचा नाही. परंतु दोष दाखविणे निराळे आणि अस्तित्वच नाकारणे निराळे. आमच्या विद्वानांनी बहुधा दुसराच मार्ग पत्करला. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेशावर १९६७ साली 'चिडियाखाना' चित्रपट काढताना सत्यजित राय यांना मात्र कमीपणा वाटला नाही!

"अशा वाचनाने अभिरुची बिघडते," असा आक्षेप येतो. माझे मामा निपाणीस तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत. शिक्षण मराठी चौथी. दुपारच्या सुटीत भाकरीबरोबर काळा पहाड चाले. त्याच मामांनी पुढे चातुर्मासात देवळात एकनाथी भागवत सलग वाचले, एकही ओवी न अडखळता. हा सराव त्यांस कोणत्या पाठशाळेने दिला होता? कीर्तनकारही श्रोत्यांस नुसत्या पूर्वरंगावर बसवून ठेवीत नाही. आख्यानाची ओढ त्याला ठाऊक असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीतील मराठी हळूहळू ओसरली. कन्नडाशी माझा तंटा नाही. माझे निम्मे अशील कन्नडच बोलतात. पण ज्या भाषेला सरकारदरबारी काम उरत नाही, ती घरात टिकावयाची तर कोणाला तरी रात्री दिवा मालवू नये असे वाटले पाहिजे. ते काम येथे अर्नाळकरांनी केले. आम्ही सभांत ठराव मांडतो आणि मुलाच्या हातचे मराठी पुस्तक हलके म्हणून काढून घेतो, ही कोणती भाषाभक्ती?

मामांची सतरा पुस्तके मजजवळ आहेत. पुठ्ठे सुटलेली, पाने शाबूत. ती मी वाचनालयास देतो. कार्यवाहांनी नोंदवहीत त्यांस क्रमांक घालावेत आणि ती कुलपाच्या कपाटात नव्हे, मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावीत.