घाणेरीविरुद्धची लढाई : केवळ तोडणी पुरेशी नाही

भारतीय वनांपुढील संकटांचा विचार करताना वृक्षतोड, खाणी आणि वणवे यांचा उल्लेख सातत्याने होतो. परदेशी वनस्पतींच्या आक्रमणाकडे मात्र आजवर पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. सन १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून लँटाना, म्हणजेच महाराष्ट्रात घाणेरी किंवा टणटणी या नावाने ओळखली जाणारी वनस्पती, आणण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ती देशातील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्रात पसरली असून, अभ्यासलेल्या क्षेत्राच्या तुलनेत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. परिणामी, हरणांचा चारा घटतो आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वाघांचा अधिवासही धोक्यात येतो.

या पार्श्वभूमीवर दिल्ली विद्यापीठातील वनस्पती परिस्थितीकी तज्ज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांचे कार्य मननीय ठरते. घाणेरी तोडणे किंवा जाळणे हा वन विभागांचा प्रचलित उपाय होता. परंतु खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून तिला पुन्हा धुमारे फुटतात आणि झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते. प्रा. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वेगळी पद्धत अवलंबिली व २००९ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. या पद्धतीत जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडतात आणि झुडूप उपटून, मुळे वर करून वाळू देतात. यासाठी रसायने अथवा अवजड यंत्रे लागत नाहीत.

तथापि, खरे काम त्यानंतर सुरू होते. घाणेरीची फळे बुलबुलांसारखे पक्षी खातात आणि झाडांवर बसून बिया खाली टाकतात. त्यामुळे अशा झाडांखाली उगवणारी रोपे पुढील काही वर्षे वेचून काढावी लागतात. त्याचबरोबर मोकळ्या झालेल्या जमिनीवर स्थानिक गवते व वृक्ष रुजवावे लागतात. अन्यथा घाणेरी किंवा रानमोडीसारखे दुसरे तण तेथे पाय रोवते.

हेच तत्त्व दिल्लीतील अरवली जैवविविधता उद्यानात दिसून येते. एकेकाळी खाणींनी पोखरलेल्या या भूमीवर विलायती कीकर, म्हणजेच वेडी बाभूळ, माजली होती. ती एकाच वेळी तोडल्यास जमीन उघडी पडली असती. म्हणून फांद्या छाटून सूर्यप्रकाशाला वाट करून देण्यात आली आणि अरवलीतील मूळ वृक्षांची लागवड करण्यात आली. ते वृक्ष वाढले की त्यांच्या सावलीत विलायती कीकर मागे पडते.

धोरणाच्या पातळीवरही हालचाल झाली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्याच वर्षी तमिळनाडूने याविषयी स्वतंत्र धोरण आखले. जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय आराखड्यानुसार अशा प्रजातींचा शिरकाव व स्थिरावण्याचा वेग २०३० पर्यंत निम्म्यावर आणावयाचा आहे.

परंतु आयातीवरील निर्बंधांमुळे दोन शतकांपूर्वी आलेली घाणेरी जाणार नाही. किती हेक्टर क्षेत्र साफ झाले, याचा हिशेब वर्षअखेरीस सहज मांडता येतो. तेथे पुन्हा गवत आले काय, हे समजण्यास अनेक वर्षे लागतात. निधीची तरतूद मात्र वर्षागणिक होते. निर्मूलनानंतरच्या देखरेखीसाठी आणि स्थानिक वनस्पतींच्या पुनर्स्थापनेसाठी दीर्घ मुदतीची तरतूद झाली नाही, तर दरवर्षी तोच खर्च करूनही वने घाणेरीच्याच ताब्यात राहतील.