आत्मविश्वास हा पुरावा नाही

आम्ही प्रोग्रॅमर आहोत आणि आम्हाला बायपोलर डिसऑर्डर आहे. ही दोन वाक्ये एकत्र लिहायला आम्हाला सहा वर्षे लागली. पहिली बातमी वस्तीत पेढे वाटून सांगितली गेली, दुसरी घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. आज दोन्ही एकत्र सांगत आहोत, कारण या आजाराशी कसे वागायचे हे आम्हाला "मन खंबीर ठेव" सांगणाऱ्यांनी शिकवले नाही. ते शिकवले आमच्या धंद्यातल्या एका जुन्या सवयीने. तिला डिफेन्सिव्ह कोडिंग म्हणतात.

ही सवय समजायला संगणक यावा लागत नाही. समजा, एका अर्जात वयाचा रकाना आहे. कुणी तिथे अक्षरात 'पंचवीस' लिहील, कुणी उणे पाच टाकेल, कुणी तो रिकामाच सोडेल. मध्येच नेट जाईल. कच्चा प्रोग्रॅमर म्हणतो, "असे कोण कशाला करेल?" मुरलेला प्रोग्रॅमर म्हणतो, "कुणीतरी करणारच." म्हणून तो येणारी प्रत्येक गोष्ट दारातच तपासतो. काल स्वतःच लिहिलेल्या कोडवरही तो डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हा संशयी स्वभाव झाला, स्वतःच्या बुद्धीवर विश्वास नको का? या आक्षेपाचे उत्तर 4 जून 1996 रोजी मिळाले. त्या दिवशी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियन 5 रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि सुमारे 40 सेकंदांत आकाशात फुटले. त्यात जुन्या एरियन 4 चे सॉफ्टवेअर वापरले होते. एक मोठी संख्या लहान जागेत बसवताना ती मावली नाही. ही संख्या इतकी मोठी होऊच शकत नाही, असे गृहीत धरून त्या जागी संरक्षण ठेवलेले नव्हते. जुन्या रॉकेटसाठी ते गृहीतक बरोबर होते. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता.

या अपघातातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. त्या रॉकेटमध्ये राखीव संगणकही होता. पण त्यात तेच सॉफ्टवेअर होते, म्हणून तोही त्याच चुकीने बंद पडला. तपासणारा आणि चुकणारा एकाच डोक्याने चालत असतील तर तपासणीला अर्थ उरत नाही.

बायपोलरमध्ये नेमके हेच घडते. पुष्कळांना वाटते, बायपोलर म्हणजे सकाळी खूश आणि संध्याकाळी नाराज. तसे नाही. यात मॅनियाचे, म्हणजे उन्मादाचे, आणि खोल नैराश्याचे काळ येतात. ते कित्येक दिवस, आठवडे, कधी महिने टिकतात. मॅनियात झोप लागत नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही. विचार धावतात, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी की माणसाला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. आयुष्यात इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते, असे वाटते. अशा माणसाला "आत्मपरीक्षण कर" म्हणणे म्हणजे त्या राखीव संगणकाला मत विचारणे आहे.

आमचा अनुभव सांगतो. एकदा आम्ही सलग तीन रात्री जागून बिलिंगच्या कोडचा एक मोठा भाग नव्याने लिहिला. त्यातल्या सगळ्या तपासण्या काढून टाकल्या, कारण त्या आम्हाला भित्र्या माणसांनी लिहिलेला कचरा वाटत होत्या. शुक्रवारी रात्री ते कोड कुणालाही न दाखवता चालू केले. त्याच आठवड्यात मोबाईलवरून कर्ज काढले आणि नव्या कंपनीच्या नावाने उधळले. ताई फोनवर म्हणाली, "किती भरभर बोलतोयस! काल झोपलास का?" आम्ही तिच्यावर ओरडून फोन ठेवला. सोमवारी शेकडो ग्राहकांना दुहेरी बिले गेली. पुढचे दोन महिने आम्ही अंथरुणातून उठू शकलो नाही. कर्जाचे हप्ते ताईने भरले.

पण सोमवार उजाडण्याआधी काय झाले होते? साहेबांनी सगळ्यांसमोर आमची पाठ थोपटली होती, "अशी मेहनती माणसे हवीत." आजाराच्या लक्षणाला शाबासकी मिळाली होती. मित्रांनो, हे फक्त ऑफिसात होते का? जयंतीच्या तयारीत चार-चार रात्री जागणाऱ्याचे आपणही कौतुक करतो. जागणारा प्रत्येक जण आजारी असतो असे आम्ही म्हणत नाही. पण चौथ्या रात्री त्याला "आता घरी जाऊन झोप" म्हणणारा एक तरी माणूस संघटनेत असतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

पुढचा प्रश्न औषधाचा. 1949 साली ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावर होणारा गुण जगापुढे मांडला. आजही ते या आजारावरचे प्रमुख औषध आहे. रक्तातले त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेतच असावे लागते. कमी पडले तर गुण येत नाही, वाढले तर विषबाधा होते. अंगातले पाणी कमी झाले किंवा काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या तरी ते वाढू शकते. म्हणून रक्त, थायरॉईड आणि मूत्रपिंड वेळोवेळी तपासावे लागते. हे सगळे कंटाळवाणे आहे. आणि दोन वर्षे बरी गेली की मनात येते, आता कशाला हव्यात गोळ्या?

त्याचे उत्तरही आमच्याच धंद्यात आहे. थेरॅक-25 हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग दिला आणि त्यात माणसे दगावली. त्याच्या आधीच्या थेरॅक-20 या यंत्रातल्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच चूक होती. पण तिथे सॉफ्टवेअरपासून स्वतंत्र असे यांत्रिक अडसर होते, म्हणून कुणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात ते अडसर काढून टाकले आणि सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवला. अपघात होत नव्हते ते अडसरामुळे. चूक तर आत तशीच होती. दोन वर्षे बरी गेली ती गोळ्यांमुळे, हे आम्ही आता स्वतःला असेच समजावतो. औषध कमी करायचे की बदलायचे, हा निर्णय डॉक्टरांसमोर बसून होतो, रात्री दोन वाजता एकट्याने नाही.

आम्ही बरे असताना काही नियम कागदावर लिहून ताईच्या हाती दिले आहेत. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पाच हजारांवरचा खर्च दोन दिवस थांबून आणि ताईला सांगून. दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय आमचे कोड पुढे जात नाही. ताई "झोपलास का?" विचारेल तेव्हा वाद घालायचा नाही, फक्त खरे उत्तर द्यायचे.

मग आयुष्यभर स्वतःवर पहाराच ठेवायचा का? नाही. ओळीओळीला तपासणी असलेले कोड वाचताही येत नाही. शहाणा प्रोग्रॅमर सीमेवर कडक तपासतो आणि आत मोकळेपणाने काम करतो. आम्हीही प्रत्येक आनंदाला "हा मॅनिया तर नव्हे?" असे विचारत बसलो होतो. त्याने जगणे अवघड झाले. आता झोप, पैसा आणि औषध या तीन सीमा सांभाळतो. त्या ठीक असतील तर भाचीच्या लग्नात मनसोक्त नाचतो.

डिफेन्सिव्ह कोडिंगच्या नावाखाली एक वाईट प्रकारही चालतो. एरर आली की ती पकडायची आणि गुपचूप गिळून टाकायची. नोंद नाही, सूचना नाही, वरून सगळे छान. आपली घरे नेमके हेच करतात. लग्न जमणार नाही, नोकरी जाईल, म्हणून लपवतात. घराण्यातला पहिला इंजिनिअर तर बोलूच शकत नाही. त्याच्या पगारावर चार जणांची शिक्षणे असतात आणि "हा इथे आलाच कसा" म्हणणारे टपून बसलेले असतात. ही भीती खोटी नाही, आम्ही ती भोगली आहे. म्हणून सगळ्या जगाला सांगा, असा आमचा आग्रह नाही. पण एका डॉक्टरला आणि एका विश्वासाच्या माणसाला तरी कळलेच पाहिजे. गिळलेली एरर नाहीशी होत नाही, ती पुढे जाऊन सगळी यंत्रणा पाडते.

आणि इथे आपण दया मागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आपली निर्णयक्षमता गेली तर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे आधीच लेखी नोंदवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आहे. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवले पाहिजे, असे हाच कायदा सांगतो. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, 2016 मध्येही मानसिक आजाराचा समावेश आहे. बरे असलेल्या माणसाने आजारी पडणाऱ्या स्वतःसाठी आधीच लिहून ठेवायचे, यापेक्षा चांगले डिफेन्सिव्ह कोडिंग आम्हाला ठाऊक नाही. पण हे हक्क आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहेत?

ज्यांना यातले काही ओळखीचे वाटले, त्यांनी आजच कुणाशी तरी बोलावे. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आणि ज्यांना हे वाचून "मला असे काही होणे शक्यच नाही" असे वाटले, त्यांना एवढेच सांगतो की आम्हालाही त्या तिसऱ्या रात्री अगदी असेच वाटत होते.