मोगलीची वैनगंगा

१९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहणारी शहापूरची मुले आज चाळिशीत आहेत. ती मालिका आता पुन्हा पाहताना शेरखानला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाज आठवणी जागवतोच; पण खरा धक्का वेगळाच आहे. किपलिंगच्या मूळ कथांतील अरण्य सिवनीचे आणि नदी वैनगंगा! सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडाऱ्याला येणारी तीच ही. कथा आंग्ल लेखकाची, चित्रे १९८९ च्या जपानी मालिकेची. त्यांना दोष कशाला द्यावा? ‘मोगलीची नदी आपलीच’ हे तेव्हा किती घरांत, किती वर्गांत सांगितले गेले? आता मुलांसह मालिका पाहणाऱ्या पालकांनी नंतर त्यांना कारध्याच्या पुलावरही न्यावे.